एसएसएच चालत नाही, टेलनेटवर पासवर्ड उघडा पडतो. मग टेकडीवरचं यंत्र सांभाळायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातारा जिल्ह्यातल्या एका टेकडीवर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), दोन मीटर बँडचा रेडिओ, सोलर पॅनेल आणि हवामानाचे सेन्सर बसवले आहेत. तिथे मोबाइलला रेंज नाही. घरून १२०० बॉडच्या पॅकेटवरून, म्हणजे रेडिओने तुकड्यातुकड्यांत डेटा पाठवून, त्या पायमध्ये एसएसएचने (दूरच्या यंत्रात कूटबद्ध वाटेने शिरायच्या सोयीने) शिरता येईल का? आणि हॅम बँडवर, म्हणजे हौशी रेडिओच्या पट्ट्यावर, एन्क्रिप्शनला (मजकूर संकेतात लपवायला) बंदी असेल, तर टेलनेट (तीच सोय, पण उघडी) वापरून पासवर्ड साऱ्या जिल्ह्याला ऐकवायचा का?

माझं उत्तर: दोन्ही नको. तुम्ही ज्याला एक गरज समजताय त्या खरं तर दोन आहेत. हुकूम कुणाला कळू नये ही एक, आणि हुकूम माझाच आहे हे टेकडीला कळावं ही दुसरी. एसएसएच दोन्ही एकत्र बांधून देतं, म्हणून आपल्याला त्या वेगळ्या करायची सवयच राहिलेली नाही. हॅम बँडवर पहिली गोष्ट मागायचीच नाही. दुसरी मात्र पूर्ण मिळते, तीही नियमात राहून.

आधी नियम. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं कलम २५ म्हणतं की वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांमधलं प्रसारण अर्थ लपवण्याच्या हेतूने संकेतबद्ध केलेलं नसावं. अपवाद फक्त हौशी उपग्रहांना जमिनीवरून दिल्या जाणाऱ्या नियंत्रण-संकेतांचा. अमेरिकेच्या हौशी रेडिओ नियमांच्या भाग ९७ मध्येही शब्दरचना जवळजवळ हीच आहे. आपल्याकडच्या १९७८ च्या हौशी सेवा नियमांचा रोखही तोच: बोलणं साध्या भाषेत, गुप्त संकेत नकोत. यातला कळीचा शब्द ‘अर्थ लपवणे’ हा आहे. वाक्य उघडं ठेवून खाली सही केली तर अर्थ लपत नाही. उलट ते वाक्य कुणाचं, हे जास्त स्पष्ट होतं. आपण हॅम मंडळी हे आधीपासून करतोच: लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही नोंदसेवा २००३ पासून प्रत्येक क्यूएसओच्या (रेडिओवरच्या संपर्काच्या) नोंदीवर डिजिटल सही घेतं. (विनामाणूस चालणाऱ्या केंद्राच्या परवानगीचा मुद्दा वेगळा आहे. तो सोडवून ठेवला असेल असं धरून पुढे बोलतो.)

समजा कायद्याची आडकाठी नाही. तरी १२०० बॉडवर एसएसएच हा छळच आहे. १२०० बॉड म्हणजे सेकंदाला १५० बाइट, तेही फक्त कागदावर. ट्रान्समीटर चालू होऊन स्थिरावायला द्यायचे तीनशे मिलिसेकंद, समोरच्याची पोच आणि मधल्या टकरी धरल्या तर हातात त्याच्या निम्मेही पडत नाहीत. ओपनएसएसएचने २०२२ च्या ९.० आवृत्तीपासून क्वांटम संगणकाला पुरून उरेल अशी किल्ली-देवघेव डीफॉल्ट केली. त्यात नुसती सार्वजनिक किल्लीच हजार बाइटांच्या वर जाते. दोन्ही बाजूंच्या याद्या, यजमानाची सही वगैरे मिळून ‘लॉगिन’ हा शब्द दिसायच्या आधीच पाच-सहा हजार बाइट हवेत जातात. सर्व्हर लॉगिनसाठी डीफॉल्ट सेटिंगमध्ये १२० सेकंदच थांबतो. फेडिंगच्या (सिग्नल मधेमधे बुडण्याच्या) संध्याकाळी तेवढ्यात जमत नाही, आणि पहिल्यापासून सुरुवात.

पुढची गंमत तर आणखी आहे. २०२३ मधल्या ९.५ आवृत्तीपासून, तुम्ही कळा कोणत्या लयीत दाबता हे बाहेरच्याला कळू नये म्हणून एसएसएच दर वीस मिलिसेकंदांच्या ठेक्याने खोटी पॅकेटंही सोडतं. घरच्या फायबरवर ते जाणवत नाही. आपल्याकडे मात्र एका कळेचं एक पॅकेट, टीसीपी-आयपीचे (इंटरनेटच्या पद्धतीचे) चाळीस बाइट आणि एएक्स.२५ या पॅकेट रेडिओच्या पद्धतीचं डोकं धरून, शंभर बाइटांच्या आसपास जातं, म्हणजे दोन-तृतीयांश सेकंद. त्यावर हे खोट्यांचं बाड. फायलींची यादी मागणारा एक ‘एलएस’ टाइप करून चहा टाकायला जावं आणि परत यावं तरी पीटीटीचा (प्रसारणाच्या कळीचा) लाल दिवा जळतोच आहे, असा प्रकार. ती सोय बंद करता येते, पण एवढा खटाटोप करूनही नियम मोडलेलाच राहतो.

आता टेलनेट. पासवर्ड ऐकला जाईल हे तुम्हाला माहीत आहेच. लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ती गोष्ट वेगळीच: एएक्स.२५ मधलं कॉलसाइन (केंद्राचं परवान्यावरचं नाव) हा कसलाही पुरावा नाही. कुणीही आपल्या टीएनसीत (रेडिओला जोडायच्या पॅकेट मोडेममध्ये) ‘मायकॉल’ बदलून तुमचं कॉलसाइन घालू शकतो. लिनक्सवर कॉलसाइन पाहून थेट शेल (हुकूम टाइप करायची जागा) देणारी साधनं आहेत, ती त्या काळी सोयीची होती, आज ती टेकडीवर लावू नका. आणि चोरून ऐकणाऱ्याला काही समजावंच लागतं असंही नाही. हँडसेटमधून येणारा तो खर्र-खर्र आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि नंतर मोबाइल दुसऱ्या हँडसेटच्या माइकसमोर धरायचा, बस्स. आमच्या क्लबात एकाने मजेखातर हे करून दाखवलं होतं. तिसऱ्या प्रयत्नाला फ्रेम, म्हणजे पॅकेटचा पूर्ण तुकडा, डीकोड झाली. संगणक लागला नाही, टीएनसी लागला नाही. तेव्हापासून ‘रिप्ले’ हा शब्द मला पुस्तकी वाटत नाही.

जुन्या मंडळींनी यावर उपाय शोधले होते आणि ते समजून घेण्यासारखे आहेत, कारण त्यांच्या उणिवांतूनच योग्य रचना कळते.

पॅकेटच्या सुवर्णकाळातलं ‘द नेट’ हे नोडचं (पॅकेट पुढे पोचवणाऱ्या केंद्राचं) सॉफ्टवेअर आणि त्याच्या गोतावळ्यातल्या प्रणाली अशी पद्धत वापरत: सिसॉपकडे (नोड सांभाळणाऱ्याकडे) आणि नोडकडे एक लांबलचक गुप्त अक्षरमाळा. तुम्ही सिसॉप म्हणून दार ठोठावलं की नोड पाच आकडे पाठवतो आणि तुम्ही त्या-त्या क्रमांकाची पाच अक्षरं परत पाठवता. गणित करून पाहा. माळ ऐंशी अक्षरांची असेल, तर वीस लॉगिन ऐकणाऱ्याच्या वहीत सुमारे ७२ टक्के अक्षरं जमतात. चाळीस लॉगिननंतर ९२ टक्के, म्हणजे पुढच्या आव्हानाला तो दर तीन वेळांतून दोन वेळा अचूक उत्तर देईल. हुशार सिसॉप मुद्दाम दोन-तीन खोटी उत्तरं मिसळून पाठवत. त्याने वही भरायला वेळ लागतो, पण भरते.

दुसरा उपाय एस-की, आणि तो मला मनापासून आवडतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेलकोअर या अमेरिकेतल्या दूरसंचार संशोधन संस्थेत तो घडला. घडवणाऱ्यांत फिल कार्न होते, म्हणजे ज्यांच्या केए९क्यू सॉफ्टवेअरमुळे हॅमच्या घराघरांत टीसीपी-आयपी पोचलं तेच. मूळ कल्पना संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची, १९८१ ची: एका गुपिताचा हॅश (उलटा फिरवता न येणारा गणिती ठसा) काढा, त्या हॅशचा हॅश काढा, असं समजा शंभर वेळा. सर्व्हरकडे शंभरावा ठेवा. पहिल्या लॉगिनला नव्याण्णवावा पाठवा. सर्व्हर त्याचा एकदा हॅश काढून आपल्याकडच्याशी ताडतो, आणि मग नव्याण्णवावाच जपून ठेवतो. ऐकणाऱ्याला नव्याण्णवाव्यावरून अठ्ठ्याण्णवावा काढता येत नाही. चौसष्ट बिटांचं उत्तर २०४८ शब्दांच्या यादीतले सहा छोटे इंग्रजी शब्द म्हणून टाइप करायचं, म्हणजे कागदावर छापून खिशात ठेवता येतं. मी कितीतरी वर्षं अशा चिठ्ठ्या रेडिओ सेटखाली ठेवत असे. त्यात एक मेख: गुपित जर ‘शिवनेरी१२३’ छापाचं असेल, तर ऐकणारा एक उत्तर घेऊन घरी बसतो आणि शब्दकोश चालवून ते शोधून काढतो. हॅशवर आधारलेल्या कुठल्याही पद्धतीला हे लागू आहे. गुपित माणसाने सुचवायचं नाही, यंत्राकडून यादृच्छिक काढून घ्यायचं.

आजच्या काळात लोक याच जागी मोबाइलमधले सहा आकडी ओटीपी सुचवतात. वेळेवर चालणारे ओटीपी टेकडीवर घेऊ नका. पाय ४ पर्यंतच्या पायमध्ये घड्याळ जिवंत ठेवणारी चिपच नसते. ढगाळ आठवड्यात बॅटरी बसली, पाय पुन्हा उठला की तो मागच्या तारखेतच जगत असतो. तिथे इंटरनेट नाही, म्हणजे वेळ विचारायलाही कुणी नाही. मी स्वतः असा बाहेर अडकलोय आणि पावसात चढून गेलोय. जीपीएस जोडलं असेल तर गोष्ट वेगळी. मोजणीवर चालणारे ओटीपी बरे.

पण एस-की घ्या, ओटीपी घ्या, एक भोक सगळ्यांत सारखंच राहतं, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं. ही पद्धत फक्त दार राखते. तुम्ही बरोबर उत्तर दिलंत, शेल उघडला, त्यानंतरच्या प्रत्येक ओळीवर कसलीही सही नाही. तुमच्यापेक्षा जास्त ताकदीचं सिग्नल टेकडीवर टाकणारा कुणी मधल्या फ्रेमचा क्रमांक मोजून तुमच्या नावाने एक ओळ घुसवू शकतो. दार तुम्ही उघडलंत, मागून दुसराच आत आला. शेल उघडा ठेवून उघड्या हवेत काम करायचं म्हणजे हे आलंच.

म्हणून शेलच देऊ नका. टेकडीवरच्या यंत्राशी बोलायचं ते सुट्या हुकमांनी, आणि प्रत्येक हुकमावर त्याची त्याची सही.

टेकडीवर एक लहानसा प्रोग्रॅम चालू ठेवा. तो डायरवुल्फ या टीएनसीचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरकडून किंवा तुमच्या टीएनसीकडून फक्त यूआय फ्रेम घेतो, म्हणजे जोडणी नाही, आयपी नाही, चाळीस बाइटांचं ओझंही नाही. तुम्ही आधी विचारता: ‘आव्हान दे’. टेकडी एक यादृच्छिक अंक पाठवते. तुम्ही एक ओळ लिहिता: टेकडीचं कॉलसाइन, तुमचं कॉलसाइन, तो अंक, आणि हुकूम, समजा ‘हवामान-सेवा पुन्हा सुरू’. या पूर्ण ओळीवर सही करून ओळ आणि सही एकाच फ्रेममध्ये सोडता. टेकडी सही तपासते, अंक आपणच नुकताच दिलेला आहे का पाहते, तो अंक खोडते आणि मगच हुकूम पाळते. खोडणं आधी, पाळणं नंतर. हा क्रम उलटा केला आणि मधेच वीज गेली, तर तोच हुकूम परत चालवता येतो.

कॉलसाइन ओळीच्या आत लिहायला सांगितलं त्याला कारण आहे. फ्रेमच्या डोक्यातल्या पत्त्यावर सही करता येत नाही, कारण वाटेतला डिजिपीटर (फ्रेम ऐकून पुढे सोडणारं केंद्र) तिथे ‘माझ्याकडून गेलं’ अशी खूण करतो आणि सही मोडते. आणि टेकडीचं नाव आत नसेल, तर उद्या तुम्ही दुसऱ्या डोंगरावर त्याच किल्लीने दुसरं यंत्र बसवल्यावर पहिल्यासाठीचा हुकूम तिथे वाजवून पाहता येईल. यादृच्छिक अंक असले तरी ही सवय ठेवाच.

आव्हानाऐवजी चढता क्रमांक वापरणारेही आहेत: ४१७ नंतर ४१८, जुना आला की फेका. एक फेरी वाचते. पण एसडी कार्ड खराब होऊन तुम्ही महिन्यापूर्वीची प्रत टाकलीत की क्रमांक मागे जातो आणि महिनाभरातले सगळे जुने हुकूम पुन्हा जिवंत होतात. दुतर्फा संपर्क असेल तर आव्हानच बरं. एपीआरएस या हॅमच्या स्थान-संदेश जाळ्याच्या मेसेजमधून हे करायचं असेल तर मात्र जास्तच सांभाळा. तिथे मजकुराला ६७ अक्षरांचीच मर्यादा आहे, आणि वाटेत एखादं आयगेट (रेडिओ आणि इंटरनेट जोडणारं केंद्र) असेल तर तुमचा हुकूम इंटरनेटवर जगभर जातो, तिथून दुसरं आयगेट तो दोन मिनिटांनी परत हवेत सोडू शकतं. म्हणजे रिप्ले करायला शत्रूही लागत नाही. (एपीआरएसच्या इंटरनेट बाजूचा, म्हणजे एपीआरएस-आयएसचा, पासकोड हा कॉलसाइनवरून उघड सूत्राने निघतो. त्याला सुरक्षा समजू नका.)

सही कसली? दोन पर्याय. सामायिक किल्लीचा एचमॅक (किल्ली आणि मजकूर मिळून काढलेला हॅश) छोटा असतो. त्याचा निकाल निम्म्यापर्यंत छाटता येतो, पण ऐंशी बिटांच्या खाली जायचं नाही. ऐंशी बिट म्हणजे सोळा अक्षरं, एपीआरएसच्या मेसेजमध्येही मावतात. दुसरा पर्याय ईडी२५५१९ या पद्धतीची खरी सही: चौसष्ट बाइट, लिहायला अठ्ठ्याऐंशी अक्षरं. ती १२०० बॉडवर जायला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि २५६ बाइटांच्या फ्रेममध्ये हुकमासकट आरामात बसते.

मी बरीच वर्षं एचमॅकवाला होतो. मग एका पावसाळ्याआधी आमची टेकडीवरची पेटी चोरीला गेली. चोराला हवी होती बॅटरी, पण पेटीबरोबर पायही गेला, आणि त्याच्या कार्डावर आम्हा चौघांच्या सामायिक किल्ल्या. त्याच किल्ल्या आळसापोटी आणखी दोन ठिकाणी वापरलेल्या. दोन रविवार डोंगर चढण्यात गेले. सहीच्या पद्धतीत टेकडीवर फक्त सार्वजनिक किल्ली असते, जिने सही तपासता येते पण करता येत नाही. ती चोराने नेली, काय, तुम्ही स्वतः क्लबच्या फलकावर लावली, काय, काही बिघडत नाही. एपीआरएसच्या मर्यादेत अडकलेले नसाल तर डोळे झाकून सही घ्या. प्रत्येक माणसाची किल्ली वेगळी, म्हणजे एकाला काढायचं तर फक्त त्याची ओळ खोडायची.

टेकडीचं उत्तरही सहीचं हवं. नाहीतर ‘सेवा सुरू झाली’ असं कुणीही तुम्हाला कळवेल. त्यासाठी पायला त्याची स्वतःची किल्ली. ती चोरीला गेली तरी चोर फक्त पायचं सोंग आणू शकतो, तुमचं नाही.

हुकमांची यादी छोटी ठेवा. माझ्याकडे अकरा आहेत: स्थिती, बॅटरी, शेवटच्या वीस नोंदी, दोन सेवा बंद-चालू, ट्रान्समीटर गप्प, पुन्हा बूट वगैरे. हुकमातला मजकूर शेलच्या हाती कधीही द्यायचा नाही, यादीतल्या शब्दाशी तंतोतंत जुळला तरच त्याचं ठरलेलं काम. चुकीच्या सह्या आल्या म्हणून कुलूप लावून घेणारी सोय ठेवू नका. ती ठेवलीत तर तुम्हाला बाहेर ठेवण्यासाठी कुणालाही पाच फालतू फ्रेम सोडणं पुरे. सेटिंग बदलणारा हुकूम असेल तर दहा मिनिटांत दुसऱ्या सहीच्या हुकमाने पक्का केला नाही तर आपोआप जुन्यावर परत जाणारा करा. चुकीची फ्रीक्वेन्सी टाकून स्वतःलाच बाहेर काढणारे पहिले तुम्ही नसाल.

काही गोष्टी हवेतून करायच्याच नाहीत. पासवर्ड बदलणं, वायफायची किल्ली, कुठलंही टोकन: हे सगळं हातात कार्ड घेऊन चढूनच. सिस्टिम अपडेटही तसंच. एक मेगाबाइट १२०० बॉडवर, काहीही न चुकता, जवळजवळ दोन तास घेतो.

उलट दिशेची एक चूक जवळजवळ सगळे करतात. पायवर रेडिओचा आयपी इंटरफेस चालू ठेवतात आणि मग पीटीटी आपोआप का लागतो म्हणून गोंधळतात. लिनक्सची शोध-सेवा शेजारी कोण आहे विचारत असते, घड्याळ वेळ मागत असतं, एखादी सेवा एचटीटीपीएसने अपडेट तपासते. यातलं शेवटचं तर सरळसरळ एन्क्रिप्शन तुमच्या कॉलसाइनवर हवेत गेलं. आयपीची गरज नसेल तर तो इंटरफेस उभाच करू नका. असेल तर फायरवॉलमध्ये त्या इंटरफेसवरून बाहेर जाणारं सगळं बंद, आणि ठरलेले एक-दोन पोर्ट तेवढे उघडे. घरच्या बाजूच्या गेटवेलाही हेच, कारण त्याला जोडलेला लॅपटॉप तुमच्या नकळत काय-काय बाहेर पाठवतो याला गणती नाही.

आयपी हवाच असेल तर आयपीसेक या सुरक्षा-पद्धतीतलं एएच हे मजकूर उघडा ठेवून प्रत्येक पॅकेटवर शिक्का मारतं, ओझं चोवीस बाइटांच्या आसपास. कल्पना सुंदर आहे. पण ते मधल्या नॅटमध्ये (राउटरने पत्ते बदलण्यात) मोडतं, आणि किल्ल्या हाताने भरल्या तर पुन्हा बूट झाल्यावर रिप्लेपासूनचं संरक्षण राहत नाही. एचपीएन-एसएसएच नावाची एसएसएचची आवृत्ती ओळख पटल्यावर एन्क्रिप्शन बंद करून शिक्का तेवढा चालू ठेवू शकते, मात्र टर्मिनल उघडलं असेल तर ती हे करायला नकार देते, सुटे हुकूमच द्यावे लागतात. म्हणजे तीही फिरून आपल्याच जागी येते. ९६०० बॉडचा दुवा असणाऱ्यांनी ती जरूर पाहावी, १२०० वर हँडशेकचं ओझं तेच राहतं.

सही बनावट करता येणार नाही, पण चॅनेलवर नुसता कॅरियर (मजकुराविना सिग्नल) दाबून धरणाऱ्याला कुठलंही गणित थांबवत नाही. म्हणून टेकडीने तुमच्यावाचून जगायला शिकलं पाहिजे. पायमध्ये हार्डवेअर वॉचडॉग आहे, तो जास्तीत जास्त पंधरा सेकंद वाट पाहतो आणि रीसेट करतो. तो चालू केल्यापासून माझे निम्मे हुकूम द्यावेच लागत नाहीत. आणि पीटीटीच्या तारेवर पायशी संबंध नसलेला साधा टाइमर बसवा. पाय अडकला आणि ट्रान्समीटर चालूच राहिला, तर तुमचा हुकूम ऐकायला रिसीव्हरच मोकळा नसेल.

एक शेवटचं विचारतो: घराच्या गच्चीवरून टेकडी दिसते का? दिसत असेल तर देखभालीसाठी हॅम बँडच वापरायचं कारण काय? ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ आपल्याकडे परवानामुक्त आहे, तिथे लोरा (थोडा डेटा लांबवर नेणारं) मोड्यूल लावा आणि हवं तितकं एन्क्रिप्शन करा. पाच गिगाहर्ट्‌झच्या डिश जमल्या तर एसएसएच सुखाने चालेल. मग दोन मीटर फक्त हवामानासाठी आणि अडीअडचणीला ठेवता येईल. टेकडी आड असेल तर वरचं सगळं लागू.

वर नेण्याआधी पेटी दोन आठवडे घरीच डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रोधावर) चालवा. रोज हुकूम द्या, प्रत्येकाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि रात्री तेच रेकॉर्डिंग हँडसेटच्या माइकसमोर वाजवा. एकाही जुन्या हुकमावर काही हललं तर पेटी खालीच ठेवा, आणि काय हललं ते इथे लिहा, मिळून पाहू.

७३ (म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा)